आधी माणूस, मग घर, मग वाट, मग खुर्ची : व्हीलचेअर निवडीच्या मराठी संकेतस्थळाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, रत्नागिरी

या कामाच्या नोंदी आजपासून ठेवत आहोत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ज्यांना व्हीलचेअर लागते, त्यांना स्वतःच्या शरीराला, घराला आणि वाटेला जुळणारी खुर्ची निवडता यावी, यासाठी मराठीतून एक संकेतस्थळ उभे करायचे आहे. गटात एक फिजिओथेरपिस्ट ताई आहेत, देवरुखकडे सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे काका आहेत आणि आंब्याच्या झाडावरून पडून मणक्याला इजा झाल्यापासून व्हीलचेअर वापरणारा लांज्याचा दादा आहे. संकेतस्थळ बांधण्याचे काम माझ्याकडे आहे.

पहिल्याच बैठकीत दादाने एक गोष्ट ठामपणे मांडली आणि ती सर्वांना पटली. खुर्च्या विकणाऱ्या संकेतस्थळांवर आधी चित्र दिसते, मग किंमत, आणि ती खुर्ची कोण वापरणार हे शेवटपर्यंत कोणी विचारत नाही. आपल्याकडे आधी माणूस असावा, मग त्याचे घर, मग घराबाहेरची वाट, आणि हे तिन्ही सांगून झाल्यावरच खुर्ची दिसावी. मुखपृष्ठावर खुर्चीचे एकही चित्र ठेवायचे नाही, हे त्याच बैठकीत ठरले.

जागतिक आरोग्य संघटनेने कमी साधनांच्या प्रदेशांसाठी हाताने चालवायच्या व्हीलचेअरविषयी २००८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्ये ती नव्याने मांडली. खुर्ची निवडणे, ती शरीराला जुळवून घेणे, वापरायला शिकवणे आणि नंतर पाठपुरावा करणे, या चारही पायऱ्या झाल्या तरच खुर्ची मिळाली असे म्हणता येते, हा त्यांचा गाभा आहे. संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि देशानुसार त्यांतील ५ ते ३५ टक्के लोकांपर्यंतच ती पोहोचते. आपल्या भागात मला याहून जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. खुर्ची मिळालेली असते, पण पडवीत भिंतीला लावून ठेवलेली असते, तिच्यावर वाळत घातलेले कपडे असतात आणि ज्याच्यासाठी ती आली तो माणूस आत चटईवर असतो. ती का वापरत नाही असे विचारले, तर घरचे एवढेच सांगतात की जमत नाही. या दोन शब्दांच्या आड नेमके काय आहे, ते शोधून काढण्यासाठी हे संकेतस्थळ आहे.

२१ जून २०२४, रत्नागिरी

मोजमापांचे पान लिहायला घेतले. ताईंचा आग्रह असा की माप घेताना माणूस टणक आणि सपाट बैठकीवर, ताठ आणि पाय टेकवून बसलेला असला पाहिजे, खाटेवर किंवा गादीवर घेतलेली मापे फसवतात. माप शिंप्याच्या टेपने घेतले तरी चालते, फक्त टेप शरीराभोवती गुंडाळायची नाही, दोन्ही बाजूंना पुस्तके उभी धरून त्यांच्यातील सरळ अंतर मोजायचे.

चार मापे अनिवार्य केली. पहिले नितंबांच्या रुंदीचे, ज्यावरून बैठकीची रुंदी ठरते. दुसरे पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतचे, आणि त्यातून ३ ते ६ सेंटीमीटर वजा केले की बैठकीची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतची लांबी, मिळते. दोन पायांची मापे वेगळी आली तर लहान माप धरायचे. तिसरे गुडघ्याच्या खळीपासून टाचेपर्यंतचे, जे पाय ठेवायच्या पाटीची उंची ठरवते. चौथे बैठकीपासून बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंतचे आणि खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंतचे, अशा दोन भागांत घ्यायचे. ज्याचा धडावर चांगला ताबा आहे आणि जो स्वतः खुर्ची चालवतो, त्याला पाठ बरगड्यांपर्यंत पुरते आणि हात मोकळे राहतात. ज्याला आधार जास्त लागतो त्याची पाठ वर न्यावी लागते.

या पानावर एक उदाहरण सविस्तर द्यायचे ठरवले, कारण नुसत्या सूचनेपेक्षा ते लवकर समजते. रुग्णालयांतून आणि वाटपाच्या कार्यक्रमांतून दिसणाऱ्या घडीच्या खुर्चीची बैठक बहुतेक वेळा ४६ सेंटीमीटर, म्हणजे १८ इंच रुंद असते. एखाद्या किरकोळ बांध्याच्या माणसाच्या नितंबांची रुंदी ३४ सेंटीमीटर असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून १२ सेंटीमीटर जागा रिकामी राहते. मग तो एका कुशीकडे कलतो, कमरेची एक बाजू खाली जाते आणि पाठीचा कणा वाकतो. चाकांपर्यंत पोहोचायला कोपरे बाहेर फाकवावी लागतात, म्हणून खांदे दुखतात, आणि वजन एकाच बाजूच्या हाडावर येत असल्याने तिथल्या कातडीला धोका निर्माण होतो. बैठक झोळीसारखी सैल पडलेली असेल तर हे सगळे आणखी वाढते. घरचे लोक त्याला दोन्ही बाजूंनी उशा लावतात. उशी लावावी लागते याचाच अर्थ खुर्ची त्याच्या मापाची नाही, हे वाक्य पानावर ठळक अक्षरांत येईल.

गादीचे मापही इथेच विचारले आहे. ५ सेंटीमीटरची गादी घातली की माणूस साधारण तेवढा वर उचलला जातो, पाय ठेवायची पाटी कमी पडते आणि हात टेकायच्या दांड्याही खाली राहतात. म्हणून सगळी उभी मापे गादीच्या वरच्या पातळीपासून धरायची.

४ जुलै २०२४, राजापूर तालुका

आज एका घरी घराची मापे घेण्याचा सराव केला. चिरेबंदी, कौलारू घर, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच. अंगणातून ओटीवर चढायला पायऱ्या, ओटीवरून माजघरात जाताना उंबरठा, माजघरातून स्वयंपाकघरात जाताना पुन्हा उंबरठा आणि न्हाणीघर मागच्या दारी, दोन पायऱ्या खाली. घरातील आजींना पक्षाघात झालेला आहे आणि उजवी बाजू चालत नाही. आल्या आल्या त्यांनीच सगळे सांगून टाकले. त्यांचे माहेर मालवणकडचे. “ह्या खुर्चयेर बसान माका चुलीकडे पोचाक गावना नाय,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि खुर्ची कशासाठी हवी याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हाला कुठल्याही प्रश्नावलीतून मिळाले नसते. प्रश्नावलीत आता सर्वांत वरचा प्रश्न असा आहे : तुम्हाला खुर्चीत बसून कुठे पोहोचायचे आहे?

दारांच्या बाबतीत एक तपशील नोंदवतो. जुन्या घरांतील दारे दुपाखी असतात आणि रोजच्या वापरात एकच पाख उघडे असते. ‘दाराची रुंदी किती’ असे विचारले की घरचे लोक चौकटीचे माप सांगतात. खुर्ची मात्र चौकटीच्या मापाने जात नाही, दार पूर्ण उघडल्यावर जी मोकळी जागा राहते तिच्यातून जाते. ४६ सेंटीमीटर बैठकीची खुर्ची बाहेरून, म्हणजे चाके आणि हाताने फिरवायच्या कड्या धरून, साधारण ६५ सेंटीमीटर भरते आणि शिवाय बोटांच्या पेरांना जागा लागते. या घरातील न्हाणीचे दार २४ इंच, म्हणजे जेमतेम ६१ सेंटीमीटर. ती खुर्ची तिथे जाणारच नव्हती. बैठक ३६ सेंटीमीटरची घेतली तर एकूण रुंदीही साधारण १० सेंटीमीटरने कमी होते आणि खुर्ची आत जाते, आणि आजींच्या बांध्याला मापही तेच लागते. शरीराचे योग्य माप घेतले की घराचाही प्रश्न थोडा सुटतो, हे मला या कामात फार महत्त्वाचे वाटते. उरतात त्या मागच्या दोन पायऱ्या, ज्यांच्यासाठी उतार करावा लागेल.

उताराचे गणित संकेतस्थळावर द्यायचेच आहे. १ फूट चढायला १२ फूट लांबी, हे प्रमाण आपल्याकडील सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. २ फूट उंचीच्या जोत्याला त्यानुसार २४ फूट उतार लागतो, आणि अनेक अंगणांत एवढी सरळ जागा नसते. म्हणून माप टाकल्यावर संकेतस्थळ नुसता आकडा दाखवून थांबणार नाही. अंगणात सरळ जागा किती आहे हे विचारेल आणि ती अपुरी असेल तर मधे सपाट जागा ठेवून वळवलेल्या उताराचा आराखडा दाखवेल. गुळगुळीत सिमेंटवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि चाक तर घसरतेच, पण मागून ढकलणाऱ्याचा पायही घसरतो, म्हणून पृष्ठभाग खरखरीत ठेवावा आणि कडेला बुटकी कड बांधावी, ही सूचना आराखड्याबरोबरच छापून निघेल.

१६ जुलै २०२४

पाने साधी ठेवली आहेत. सर्व्हरवर हिशेब होत नाही, सगळी आकडेमोड मोबाइलच्या ब्राउझरमध्येच होते. एकदा उघडलेले पान फोनमध्ये साठवले जाते आणि नेटवर्क गेले तरी चालू राहते, कारण सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, रेंज मिळते आणि खाली वाडीत उतरले की जाते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. याच रचनेचा दुसरा लाभ असा की कोणाच्या शरीराची मापे, आजार किंवा अपंगत्वाची टक्केवारी आमच्याकडे येतच नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला नसता तरीही आम्ही हेच केले असते. लोकांनी ही माहिती निर्धास्तपणे भरावी असे वाटत असेल, तर ती त्यांच्याच हातात राहिली पाहिजे.

६ ऑगस्ट २०२४, देवरुख

आजचा पूर्ण दिवस काकांच्या दुकानात चाकांवर गेला.

‘घराबाहेरची वाट’ या भागासाठी प्रदेशानुसार पर्याय केले आहेत : पुळणीलगतची (समुद्रकाठच्या वाळूजवळची) सपाट वस्ती, नारळी-पोफळीच्या वाडीतील मऊ पायवाट, कातळाचा सडा, डांबरी रस्त्यावरचे घर, आणि चिऱ्यांच्या पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) जोडलेले डोंगरउतारावरचे घर. गुहागरमध्ये समुद्राला समांतर लांब सपाट रस्ता आहे आणि तिथे हाताने चालवायची तीनचाकी सायकलही उत्तम चालते. संगमेश्वर किंवा राजापूरच्या एखाद्या वाडीत घरापर्यंत रस्ताच नसतो, पाखाडीच्या पायऱ्या असतात, मधे साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल असतो. अशा घरात राहणाऱ्याला कोणतीही व्हीलचेअर पाखाडी चढवून देणार नाही आणि तसे भासवणे हा त्याचा विश्वासघात ठरेल. तिथे संकेतस्थळ स्पष्ट सांगते की घरात वापरायला एक आणि रस्त्याच्या कडेला ठेवायला दुसरे साधन, अशी विभागणी शक्य आहे का ते पाहा, आणि पाखाडीला पर्यायी उताराची वाट मागण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. अर्जाचा नमुना पानावर देत आहोत.

पुढची लहान चाके जितकी लहान आणि अरुंद, तितकी ती खडीत, वाळूत आणि चिऱ्यांच्या सांध्यांत अडकतात. टणक फरशीवर मात्र त्यांनी वळणे सोपे जाते. मोठे आणि रुंद पुढचे चाक खडबडीत जमिनीवरून सहज जाते. त्याहून खडबडीत वाटेसाठी तीन चाकांची, पुढचे एकच मोठे चाक बरेच पुढे असलेली लांब खुर्ची येते. ती पुढच्या बाजूला सहसा कलंडत नाही, पण घरात वळवायला जागा जास्त लागते. मागचे चाक आसाच्या जागेनुसार पुढे घेतले तर ढकलायला हलके जाते आणि खुर्ची मागे उलटण्याची शक्यता वाढते. नवशिक्याने ते मागे ठेवावे. ज्याचे दोन्ही पाय मांडीपासून काढलेले आहेत त्याच्या शरीराचा तोल मुळातच मागे सरकलेला असतो, म्हणून त्यानेही ते मागेच ठेवावे. मधुमेहामुळे पाय काढावे लागलेल्यांना ही गोष्ट सांगितली जातेच असे नाही, आणि पहिल्याच चढावर खुर्ची मागे जाते. म्हणून हा प्रश्न ऐच्छिक ठेवलेला नाही.

काकांनी दाखवलेली एक बारीक गोष्ट आमच्या यादीतील सर्वांत उपयोगी सूचना ठरेल असे मला वाटते. दुकानात ‘२४ इंची टायर’ मागितला तर दोन वेगळ्या मापांचे टायर निघू शकतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांत शेवटी ५४० असेल तर तो व्हीलचेअरच्या नेहमीच्या रिमवर बसतो. ५०७ असेल तर तो रुंद टायरच्या सायकलींचा असतो आणि या रिमवर कधीच बसत नाही. जवळच्या दुकानात ५४० मिळत नसेल तर तालुक्याहून मागवता येतो, पण मागताना आकडा सांगावा लागतो. आता प्रत्येक खुर्चीच्या माहितीत टायरचा हा आकडा, ट्यूबच्या तोंडाचा प्रकार आणि बेअरिंगचा क्रमांक असे तीन रकाने आहेत. ज्या खुर्चीचा टायर देवरुखात मिळत नाही ती खुर्ची कितीही हलकी आणि देखणी असली, तरी ती देवरुखच्या माणसाला आम्ही यादीत वर दाखवणार नाही.

९ सप्टेंबर २०२४, लांजा

गणपतीसाठी चाकरमानी गावी आले आहेत आणि घरोघरी हाताशी माणसे आहेत, म्हणून चाचणीसाठी हेच दिवस निवडले. मुंबईचा मुलगा किंवा सून प्रश्न वाचते, टेप धरते आणि खुर्ची वापरणारी व्यक्ती उत्तर देते, असे बहुतेक घरांत घडले. त्यावरून प्रश्नांची भाषा बदलली. ‘तुम्ही’ म्हणजे खुर्ची वापरणारी व्यक्ती, हे प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिले आणि ‘रुग्ण’ हा शब्द सगळीकडून काढून टाकला.

तांत्रिक बाबी थोडक्यात. ब्राउझरचा आकड्यांसाठी असलेला रकाना देवनागरी अंक स्वीकारत नाही, म्हणून साधा मजकुराचा रकाना ठेवून ‘३४’ आणि रोमन लिपीतील अंक दोन्ही समजून घेण्याची सोय केली. इंच आणि सेंटीमीटरची निवड प्रत्येक मापाशेजारी दिली, आणि नितंबांची रुंदी १४ सेंटीमीटर किंवा ३५ इंच अशी आली तर पुढे जाण्याआधी पान पुन्हा विचारते. बटणे मोठी केली. सुगम संकेतस्थळांच्या २०२३ मधील निकषांत बटणाचे किमान माप २४ पिक्सेल आहे, आमचे ४८ आहे, कारण हात थरथरणाऱ्या एका काकूंना २४ च्या बटणावर बोट टेकवताच येईना. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद आतील रचनेत नीट केल्यावर फोनमधील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सुविधेने प्रश्न मराठी उच्चारांत वाचले. दृष्टी गेलेल्या एका दादांनी आपल्या आईसाठीची प्रश्नावली कोणाच्याही मदतीविना पूर्ण केली आणि त्यांच्या घरची मापेही त्यांनी स्वतः हाताने चाचपून घेतली होती.

३० सप्टेंबर २०२४, रत्नागिरी

संकेतस्थळाने कुठे थांबावे, यावर आज दीर्घ चर्चा झाली. माझा कल असा होता की प्रत्येकाला काही ना काही यादी दिसावी. ताईंनी तो मान्य केला नाही, आणि त्यांची कारणे ऐकल्यावर मी त्यांच्या बाजूला आलो.

मेंदूच्या पक्षाघाताने शरीर ताठ होणारे किंवा सैल पडणारे मूल, कण्याला बाक असलेली व्यक्ती, मान सावरता न येणारी व्यक्ती, आणि बसण्याच्या जागी जखम असलेली किंवा पूर्वी होऊन गेलेली व्यक्ती, या चौघांना मापांवरून खुर्ची सुचवणे धोक्याचे आहे. मुलाला बाजूचे आधार, डोक्याचा आधार आणि कमरेचा पट्टा नेमक्या जागी लागतात आणि वाढीबरोबर ते बदलत राहतात. चुकीच्या आधाराने बाक वाढतो. अशा वेळी पान कोणतीही खुर्ची दाखवत नाही. जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या पुनर्वसन केंद्रातील तज्ज्ञांकडे जाण्यास सांगते, आणि तिथे नेण्यासाठी आतापर्यंत भरलेली सगळी माहिती एका कागदावर छापून देते, जेणेकरून लांबून एसटीने आलेल्या माणसाचा तिथला वेळ मापे सांगण्यात जाऊ नये. मुंबईला जाणे ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेची माहितीही तिथे आहे. ती संस्था १९५५ पासून हे काम करत आहे.

जखमेबद्दल स्वतंत्र पान लिहिले. मणक्याच्या इजेनंतर खालच्या भागाची संवेदना गेली की बसून कातडीवर येणारा दाब जाणवत नाही. हाडाखाली रक्तप्रवाह थांबतो आणि काही तासांतही कातडी मरू लागते. वर लहानसा डाग दिसतो तेव्हा आत खोल पोकळी झालेली असू शकते. लांज्याच्या दादाने या पानासाठी स्वतःची दिनचर्या सांगितली. साधारण पंधरा ते तीस मिनिटांनी तो पुढे वाकतो किंवा एकेका कुशीवर कलून वजन हलवतो, आणि रोज रात्री आरशात बसण्याची जागा पाहतो. लाल झालेला भाग बोटाने दाबल्यावर फिकट होत नसेल तर त्या भागावर पुन्हा बसायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे. आमच्याकडच्या दमट हवेत आणि घामात कातडी ओली राहते, त्यामुळे गादीचे कव्हर धुता येणारे आणि लवकर वाळणारे असले पाहिजे. पावसाळ्यात कव्हर वाळत नाही, म्हणून दोन कव्हरे घ्यावीत. गादीशिवाय खुर्ची सुचवायचीच नाही, हा नियम आता प्रणालीत कायमचा घातला आहे : किंमत दाखवतानाही खुर्ची आणि गादी यांची बेरीजच दिसते.

११ नोव्हेंबर २०२४

पैशांचे पान. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत महिन्याचे उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधनाचा पूर्ण खर्च आणि ३०,००० रुपयांपर्यंत असेल तर निम्मा खर्च मिळतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते, पण त्यातून नेमकी कोणती खुर्ची मागायची हे अर्जात लिहिलेले नसते.

या पानावर सर्वांत वर एक अट लिहिली आहे, कारण तिचे परिणाम फार दूरवर जातात. एडिपमधून एकदा साधन मिळाले की त्याच कारणासाठी पुढची तीन वर्षे पुन्हा मिळत नाही, बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. म्हणजे मापाची नसलेली खुर्ची स्वीकारली तर तीन वर्षे तिच्यावरच बसावे लागते किंवा खाटेवर. म्हणून साधनवाटपाच्या शिबिरात जाताना आमच्या पानावरून छापलेला मापांचा कागद बरोबर न्यावा आणि तो अर्जाला जोडावा, असे आम्ही सांगतो. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम २० मध्ये, व्यक्तीला तिच्या निवडीच्या पद्धतीने आणि वेळेला, परवडणाऱ्या खर्चात हिंडता-फिरता यावे, असे म्हटले आहे. मापाची खुर्ची मागताना कोणीही संकोच करण्याचे कारण नाही.

३ डिसेंबर २०२४

आज जागतिक दिव्यांग दिन. आजच संकेतस्थळ खुले करावे असे काही हितचिंतकांचे म्हणणे होते. देखभालीचे पान अपुरे असल्याने ते केले नाही. खुर्ची निवडून द्यायची आणि ती गंजल्यावर काय करायचे ते सांगायचे नाही, हे मला मान्य नाही.

६ जानेवारी २०२५, रत्नागिरी

देखभालीचे पान पूर्ण झाले. खुर्च्यांच्या मजबुतीसाठी आयएसओ ७१७६ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे. तिच्या आठव्या भागात उंचवटे असलेल्या फिरत्या दंडगोलांवर खुर्चीला २,००,००० फेऱ्या देतात आणि ६,६६६ वेळा ती उंचीवरून आपटतात. निर्मात्याने ही चाचणी केली आहे का, हा रकाना आमच्या यादीत आहे आणि उत्तर आले नसेल तर तो कोरा दिसतो. परंतु या चाचणीत खाऱ्या वाऱ्याचा विचार नसतो, आणि किनाऱ्यावरील घरात खुर्ची मुख्यतः त्यानेच जाते. काकांच्या अनुभवानुसार गंज वेल्डिंगच्या सांध्यांत, घडीच्या खुर्चीखालच्या फुलीसारख्या दांड्यांच्या मधल्या बोल्टजवळ आणि पुढच्या चाकांच्या काट्यात आधी दिसतो. मुलामा उडाला की खालचे लोखंड झपाट्याने खाल्ले जाते.

म्हणून वेंगुर्ले, मालवण, देवगड, गुहागर, दापोली अशा समुद्रालगतच्या गावांसाठी यादीतील क्रम वेगळा लागतो : ॲल्युमिनियमचा सांगाडा, स्टेनलेस बोल्ट आणि बंद बेअरिंग असलेल्या खुर्च्या वर येतात. लोखंडी खुर्ची ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती टाकून द्यावी असे मुळीच नाही. पुळणीवरून किंवा फेरीबोटीवरून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी, लगेच कोरडी करावी, रंग उडालेल्या जागी रंग लावावा, आणि महिन्यातून एकदा बोल्ट आवळून, ब्रेक तपासून, पुढच्या चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेले केस आणि काथ्या काढावा. पावसाळ्यापूर्वी एकदा खुर्ची सायकल दुकानात न्यावी. हे काम कोणत्याही सायकल दुरुस्ती करणाऱ्याला जमते, फक्त त्याला सांगावे लागते, म्हणून दुकानदाराला दाखवण्यासाठी चित्रांचे एक वेगळे पान काढले आहे.

२० जानेवारी २०२५, लांजा

संकेतस्थळ खुले केले. आज पहिल्यांदाच आमच्यापैकी कोणीही जवळ नसताना एका कुटुंबाने प्रश्नावली पूर्ण करून मापांचा कागद आम्हाला दाखवायला आणला. घर डांबरी रस्त्यावर, दार ३० इंच, नितंबांची रुंदी ३८ सेंटीमीटर, आणि ‘कुठे पोहोचायचे आहे’ याचे उत्तर : शाळेत. ही मुलगी नववीत आहे, आणि वर्गातील बाकाखाली गुडघे जायला हवेत म्हणून तिने बाकाची उंचीही स्वतःहून लिहून आणली होती, जी आम्ही विचारलेलीच नव्हती. शाळा, दुकान, शिवणयंत्र, बँकेची खिडकी, जिथे म्हणून बसून काम करायचे तिथल्या उंचीचा रकाना आजच प्रश्नावलीत घातला. हात टेकायच्या दांड्या काढता येणाऱ्या असाव्यात की नाही, हे आता त्यावरून ठरते.

वापरलेल्या खुर्च्यांची देवाणघेवाण हा पुढचा भाग हाती घेत आहोत. एखाद्या घरातील व्यक्ती वारल्यावर खुर्ची पडून राहते आणि घरचे ती आनंदाने द्यायला तयार असतात. यादीत तिची नोंद गावाच्या किंवा देणाऱ्याच्या नावाने होणार नाही, बैठकीची रुंदी आणि खोली, पाटीची उंची, टायरचा आकडा आणि गंजाची स्थिती या क्रमाने होईल, आणि काकांनी किंवा दुसऱ्या दुरुस्ती करणाऱ्याने ती तपासल्याशिवाय ती कोणालाही दिसणार नाही. गादी मात्र जुनी द्यायची नाही. नवीन गादीचा खर्च ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीतून मिळावा, यासाठीच्या अर्जाचा मसुदा ताई लिहीत आहेत.